गेलेल्यांची मोजदाद

२००१च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११मध्ये ती ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत १९,१७४ माणसे कमी. दर जनगणनेला फुगत जाणाऱ्या देशात एक अख्खा जिल्हा आकसावा, याचे नवल वाटणारच. नवलाला कारण हवे असते, आणि हाताशी एक कारण तयार होते: पोरां फॉरेनाक गेली. हे कारण आधी तिठ्यावरच्या गजालींत होते, आता मोबाइलवरच्या निरोपांत आहे. निरोप बदलतो तसा देश बदलतो. कधी आखात असते, कधी पोर्तुगाल, आणि अलीकडे अमेरिकेतला किंवा कॅनडातला ‘राजकीय आश्रय’. आकडा मात्र प्रत्येक वेळी मोठा आणि गोल.

असला दावा तपासायचा तर पहिला प्रश्न साधा आहे. हा आकडा कोणत्या वहीतून आला? देश सोडून जाणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद एकाच ठिकाणी होते आणि तिथे बेरीज करून आकडा मिळतो, असा बहुतेकांचा समज असतो. तशी वही नाही. वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या वेगवेगळ्या वह्या आहेत, त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून गेलेला माणूस त्यांपैकी एकीतही सापडणार नाही असे सहज होऊ शकते.

जनगणनेचीच वही आधी उघडू. त्याच दशकात रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला, म्हणजे जवळजवळ ४.८ टक्के घट. सिंधुदुर्गाची घट २.२ टक्के. आणि मुंबई शहर जिल्ह्याची? ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११, म्हणजे साडेसात टक्क्यांहून अधिक. महाराष्ट्रात सर्वांत जास्त आकसला तो मुंबई शहर जिल्हा. तरी गिरगाव-परळची माणसे परदेशी पळाली असे कोणी म्हणत नाही. ती उपनगरांत, डोंबिवली-विरारला गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग कोकणच्या घटीला परदेशच का लागतो? कोकणी माणसाचे मुंबईला जाणे इतके जुने आहे की ते आता कोणाला ‘जाणे’ वाटतच नाही. १८८० साली छापलेल्या सरकारी गॅझेटियरमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले लोक मजुरीला, पोलिसांत आणि पलटणीत भरती व्हायला मुंबईकडे जातात याची सविस्तर दखल आहे. तेव्हा मालवण, वेंगुर्ले रत्नागिरीतच होते. गिरण्या आल्या, गेल्या, कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. चाकरमानी मात्र राहिलेच.

जनगणनेत आणखी एक आकडा आहे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. २००१ साली सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०७९ बायका होत्या. २०११ साली १,०३६. रत्नागिरीतही १,१३६ वरून १,१२२. कर्ते पुरुष एकटे परदेशी जाण्याचे प्रमाण वाढले असते तर मागे राहिलेल्या बायकांचे प्रमाण वाढायला हवे होते. ते घटले. म्हणजे कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड हलवत आहेत किंवा पुरुष परत येत आहेत किंवा दोन्ही. यावरून परदेशी कोणी गेलेच नाही असे सिद्ध होत नाही. पण ‘पोरे गेली, घरात म्हाताऱ्या आणि सुना उरल्या’ हे चित्र या दशकात गडद होण्याऐवजी फिकट झाले, एवढे निश्चित म्हणता येते.

जनगणना परदेशी गेलेल्यांना मोजतच नाही, हे तर त्याहून मूळचे. गणक दारात येतो तेव्हा तो इथे राहणाऱ्यांची नावे लिहितो. मस्कतला असलेल्या मुलाचे नाव आई कितीही आग्रहाने सांगो, ते गणतीत धरले जात नाही. स्थलांतराचा प्रश्न असतो, पण तो आलेल्याला विचारलेला असतो: तू आधी कुठे राहत होतास? म्हणून लालबागमधला मालवणी त्या तक्त्यात सापडतो, दुबईतला सापडत नाही. २०११ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. आंगणेवाडीची जत्रा साधारण याच सुमाराला येते आणि मालवण तालुक्यात तेव्हा लाखोंची गर्दी असते. तिने आकडा फुगला असेल अशी शंका एका वाचकाला येईल. शंका चांगली आहे, पण नेहमीचे राहते ठिकाण पाहून मोजण्याचा नियम असल्याने दोन दिवसांच्या पाहुण्याला तिथे जागा नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. तोवर ‘सिंधुदुर्गाची आजची लोकसंख्या’ म्हणून जो कोणी नेमका आकडा सांगेल तो अंदाज सांगत असतो.

दुसरी वही संसदेतल्या उत्तरांची. दरवर्षी खासदार विचारतात आणि परराष्ट्र मंत्रालय सांगते की अमुक इतक्या भारतीयांनी नागरिकत्व सोडले. २०११ साली १,२२,८१९. २०१९ साली १,४४,०१७. २०२० साली एकदम ८५,२५६. मग २०२१ साली १,६३,३७०, २०२२ साली २,२५,६२०, २०२३ साली २,१६,२१९ आणि २०२४ साली २,०६,३७८. हे आकडे खरे आहेत. त्यांच्यावर रचलेली वाक्ये मात्र बहुधा खोटी असतात. ‘२०२२ साली सव्वादोन लाख लोकांनी देश सोडला’ हे त्यांतले सगळ्यांत प्रचलित.

१९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. दुसरा देश नागरिकत्व देतो ते तिथे कित्येक वर्षे राहिल्यावर, कर भरल्यावर, परीक्षा दिल्यावर. म्हणजे २०२२च्या आकड्यातला माणूस विमानात बसला असेल तो कदाचित २००८ साली. त्याने त्या वर्षी सोडला तो पासपोर्ट. देश त्याने कधीच सोडला होता. २०२० साली आकडा पडला तेव्हा देशप्रेम उफाळून आले नव्हते, जगभरच्या कचेऱ्या टाळेबंदीत होत्या. आणि पुढच्या दोन वर्षांच्या उसळीत तुंबलेल्या कामाचा वाटा असणार हे उघड आहे. शिवाय भागाकार कशाने करायचा हे ठरवल्याशिवाय सव्वादोन लाख हा आकडा लहान की मोठा हे कळत नाही. १४० कोटींनी भागले तर लाखात सोळा जण. परराष्ट्र मंत्रालयाच्या हिशेबाने परदेशी राहणारे भारतीय नागरिक दीड कोटींहून अधिक आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिले तर शंभरात दीड. सोडणारे बहुतेक या दीड कोटींतलेच असल्याने दुसरा भागाकार अधिक शहाणपणाचा. आणि हे आकडे वर्षवार असतात, जिल्हावार नसतात. त्यांतून ‘कोकणातून गेलेले’ वेगळे काढून दाखवणारा निरोप आला तर पुढे वाचायचे कारण नाही.

श्रीमंतांच्या पलायनाची बातमीही याच कुळातली. २०२३ साली भारतातून ६,५०० कोट्यधीश जातील, २०२४ साली ४,३००, २०२५ साली ३,५०० असे ‘हेन्ली अँड पार्टनर्स’च्या अहवालांत होते. ते प्रसिद्ध झाले तेव्हा वर्ष सरायचे होते, म्हणजे ते भाकीत होते. शिवाय परदेशचे नागरिकत्व आणि निवासाचे परवाने मिळवून देण्याचा सल्ला विकणे हा त्या कंपनीचा धंदा आहे. भाकिते तीन, आणि तिन्ही उतरती. तरी मथळ्यात दरवर्षी ‘लोंढा’ असतो.

आता आखाताकडे येऊ. इथे कोकणच्या वाचकाला एक गंमत दाखवण्यासारखी आहे, आणि ती मला तरी कुठल्या बातमीत दिसलेली नाही.

१९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार काही पासपोर्टधारकांना १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची पूर्वपरवानगी लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन हे त्यांत आलेच. मलेशिया, इंडोनेशिया, थायलंडही आहेत. ही परवानगी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी व्यवस्थेतून मिळते आणि तिचे राज्यवार आकडे निघतात. त्यांत उत्तर प्रदेश, बिहार वर असतात. त्यावरून आखातात आता उत्तरेचेच लोक जातात, कोकणी माणूस तिथून हद्दपार झाला, असा निष्कर्ष काढला जातो.

पण परवानगी कोणाला लागते? मुख्यतः दहावी उत्तीर्ण नसलेल्याला. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर परवानगी लागते असा शिक्का नसतो आणि त्याची नोंदही त्या वहीत होत नाही. (परिचारिकांसाठी वेगळा नियम आहे, शिकलेल्या असल्या तरी.) आता दहावीचा निकाल आठवा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून कोकण विभागीय मंडळ होते आणि ते राज्यात वर्षानुवर्षे पहिले येते. २०२४ साली त्याचा निकाल ९९.०१ टक्के लागला. जिथे शंभरातली नव्याण्णव मुले दहावी पार करतात, तिथला आजचा तरुण दोहाला गेला काय नि जेद्दाला गेला काय, परवानगीच्या वहीला त्याचा पत्ता लागत नाही. निकालाच्या दिवशी ज्या आकड्याचे पेढे वाटले जातात तोच आकडा पुढे या मुलांना मोजणीतून पुसून टाकतो. म्हणून सिंधुदुर्गाच्या बाबतीत त्या वहीतला लहान आकडा ‘जात नाहीत’ याचाही पुरावा नाही आणि ‘जातात’ याचाही नाही.

हीच व्यवस्था एका बाबतीत फार उपयोगी आहे, आणि ती बाब संख्येहून महत्त्वाची आहे. नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट परवानाधारक आहे का, हे तिथे कोणालाही पाहता येते. परवानाधारकाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा वस्तू व सेवा कर एवढेच शुल्क घेता येते. कणकवलीच्या लॉजवर मुलाखती घेऊन दोन-दोन लाख मागणारा माणूस परवाना दाखवो न दाखवो, रक्कमच त्याचे सगळे सांगून जाते.

मालवण-देवगड-वेंगुर्ल्याकडे आणखी एक वर्ग आहे. ‘काकी, झील खंय असता?’ असे विचारले की ‘बोटीर’ असे उत्तर येते आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. बोटीवरचा हा मुलगा भारतीय नौवहन महानिदेशालयाच्या नोंदीत असतो. त्याच्याकडे खलाशाचे सीडीसी पुस्तक असते. तो सिंगापूरला चढतो, रॉटरडॅमला उतरतो, कुठल्याच देशात राहत नाही. आयकर खात्याच्या दृष्टीने, वर्षातले पुरेसे दिवस भारताबाहेर भरले तर तो अनिवासी ठरतो; निवडणूक खात्याच्या यादीत तो गावचाच मतदार असतो. त्याच्या बँकेत अनिवासी खाते असते आणि गणपतीला तो घरी असतो. अशा खात्यांवरून किंवा कर-विवरणपत्रांवरून परदेशी गेलेल्यांचा हिशेब मांडला तर न गेलेला माणूस गेला म्हणून मोजला जाईल. आखाताच्या वहीत गेलेला सुटतो, या वहीत न गेलेला अडकतो.

तेरेखोलच्या खाडीपलीकडे गेले की प्रकरण आणखी गुंतते. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ साली. सीमा बदलली, सोयरिकी बदलल्या नाहीत. आजही बांदा, सातार्डे, दोडामार्गकडची घरे पेडणे-डिचोलीशी लग्नसंबंधांनी बांधलेली आहेत, आणि सकाळी दुचाकीने गोव्यात कामाला जाऊन रात्री परतणारी मुले वेगळीच. त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टची गजाल सिंधुदुर्गात वाऱ्यासारखी फिरते. ‘गोव्यात दहा वर्षे नोकरी केली की मिळतो.’ ‘गोव्याचे आधार कार्ड असले की पुरे.’

दोन्ही खोटे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या भूमीवर जन्मला, असे पोर्तुगालचा कायदा मानतो, आणि त्याला व त्याच्या वंशजांना नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवतो. वाट म्हणजे जुना पोर्तुगीज जन्मदाखला काढायचा, जन्माची आणि लग्नाची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करून घ्यायची, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. नोकरीचा, राहत्या घराचा, आधार कार्डाचा यात काही संबंध नाही. संबंध आहे तो आजी-आजोबांचा जन्म कुठे झाला याचा. म्हणून गंमत अशी की पेडण्यात १९५० साली जन्मून सावंतवाडीत दिलेल्या बाईला हा हक्क सांगता येतो, आणि जन्मभर म्हापशात दुकान चालवलेल्या मालवणच्या माणसाला येत नाही.

हा पासपोर्ट घेणारे बहुसंख्य पोर्तुगालला राहायला गेले नाहीत. युरोपीय संघाच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये मुक्तपणे राहता येत होते, ते २०२०च्या अखेरीपर्यंत. त्या वाटेने ते इंग्लंडला गेले. स्विंडन गावात गोवेकरांची मोठी वस्ती उभी राहिली. तिथल्या एका गोवेकराला ब्रिटनच्या जनगणनेत शोधून पाहा. जन्मदेशाच्या तक्त्यात तो भारतीय, पासपोर्टच्या तक्त्यात पोर्तुगीज. पहिला तक्ता वापरणारा बातमीदार म्हणतो भारतीय वाढले. दुसरा वापरणारा म्हणतो पोर्तुगीज आले. दोघेही खरे आकडे देतात. दोघांची बेरीज केली तर एक माणूस दोनदा मोजला जातो, आणि अशी बेरीज केलेली पाहायला मिळते.

नागरिकत्व सोडल्याचे आकडे पुन्हा आठवा. आपण म्हटले की तो माणूस फार पूर्वी गेलेला असतो. गोव्यात उलटे घडते. पोर्तुगीज नागरिकत्व घरबसल्या मिळत असल्याने माणूस पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात भारतीय पासपोर्ट जमा करतो तेव्हा तो अजून मडगावातच राहत असतो. एका आकड्यात चौदा वर्षांपूर्वी गेलेला आणि अजून न गेलेला असे दोघे शेजारी-शेजारी बसलेले आहेत. आणि लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंद झाली म्हणजे भारतीय नागरिकत्व गेले का, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद आहे, अर्ज-फाटे आहेत. परदेशी पासपोर्ट हाती घेतला की मात्र नागरिकत्व नियमांनुसार तो निर्णायक पुरावा धरला जातो. त्यामुळे ‘इतक्या गोवेकरांनी नागरिकत्व सोडले’ या वाक्यात जन्मनोंद, ओळखपत्र की पासपोर्ट, यांतले काय मोजले हे विचारल्याशिवाय पुढे सरकू नये.

यांतल्या कोणीही आश्रय मागितलेला नाही. मालवणीत काय नि मराठीत काय, बाहेर गेलेला, तिथे स्थायिक झालेला आणि आश्रयाला गेलेला हे तिघे बोलताना एकमेकांत मिसळून जातात. कायद्यात आश्रयाचा अर्थ अरुंद आहे. १९५१चा निर्वासितविषयक करार आणि १९६७चा त्याचा पूरक करार यांनुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या कारणांवरून छळ होण्याची सकारण भीती असेल तर माणूस परक्या देशाकडे संरक्षण मागू शकतो. गरिबी, बेकारी, कर्ज, फयान वादळात गेलेल्या होड्या, यांतले काहीही त्या यादीत नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथल्या वाचकाला ही प्रक्रिया घरच्या अनुभवातून माहीत असण्याचे कारण नाही. नेमक्या याच अज्ञानावर एजंटांचा धंदा चालतो: तिकडे उतर, आश्रय माग, निकाल लागेपर्यंत वर्षे जातात, तोवर कमाव.

एक खरा प्रसंग पाहू, कारण त्यातला प्रत्येक आकडा नीट नोंदला गेला. २१ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहून निकाराग्वाकडे निघालेले एक भाड्याचे विमान इंधनासाठी फ्रान्समधल्या वात्री या छोट्या विमानतळावर उतरले. मानवी तस्करीची निनावी खबर आल्याने फ्रेंच पोलिसांनी ते रोखले. आत ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय. (नेमक्या त्याच दिवशी ‘डंकी’ हा चोरवाटेने परदेशी जाण्यावरचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, असा योगायोग पटकथेत कोणी लिहिला तर दिग्दर्शक खोडून टाकील.) चार दिवस चौकशी चालली. २६ डिसेंबरला पहाटे विमान मुंबईत उतरले तेव्हा त्यात २७६ जण होते. २५ जणांनी, त्यांत काही अल्पवयीन होते, फ्रान्सकडे आश्रय मागितला होता. उरलेले दोघे न्यायाधीशांपुढे उभे करून सोडण्यात आले होते.

२७६ अधिक २५ अधिक २, बरोबर ३०३. एवढा जुळणारा हिशेब या विषयात क्वचित मिळतो. तरी त्या आठवड्यात फिरलेले निरोप ‘३०० भारतीयांनी आश्रय मागितला’ आणि ‘अमेरिकेने ३०० जणांना हाकलले’ असे होते. मागितला तो २५ जणांनी. मागणे म्हणजे मिळणे नव्हे. आणि अमेरिकेचा तर त्या विमानाला स्पर्शही झाला नव्हता.

अमेरिकेचे स्वतःचे आकडे वेगळ्या जातीचे आहेत. तिथल्या सीमा विभागाने २०२३च्या आर्थिक वर्षात भारतीयांशी ९६,९१७ वेळा गाठ पडल्याचे नोंदवले. तिथले आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. ‘वेळा’ या शब्दावर बोट ठेवायला हवे, कारण एकच माणूस दोनदा पकडला गेला तर दोन मोजतात. आश्रयाचे अर्ज ही वेगळी वही, मंजुरी ही वेगळी, प्रलंबित प्रकरणे ही आणखी वेगळी. एका अर्जात कधी अख्खे कुटुंब असते. या वर्षी मंजूर झालेला अर्ज बहुधा चार वर्षांपूर्वीचा असतो, म्हणून या वर्षीच्या मंजुऱ्या या वर्षीच्या अर्जांनी भागून काढलेली टक्केवारी ही नुसती दिसायला टक्केवारी.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हरियाणाचे ३३, गुजरातचे ३३, पंजाबचे ३०, महाराष्ट्राचे ३, उत्तर प्रदेशचे ३, चंडीगडचे २. ‘महाराष्ट्राचेही’ या एका शब्दावर आपल्याकडे दोन दिवस चर्चा चालली. तीन माणसांवरून राज्याची प्रवृत्ती काढता येत नाही. कोणाला त्या विमानात बसवायचे हे कोणत्या राज्यातून किती गेले यावर ठरत नाही. पण तीन म्हणजे शून्यही नव्हे. महाराष्ट्रातून या वाटेने कोणी जातच नाही हे म्हणणे त्या दिवशी खोटे पडले.

गावातल्या अमक्याच्या मुलाने आश्रय मागितला, असे नावानिशी सांगणारा निरोप आला तर? आश्रयाचे अर्ज बहुतेक देशांत गोपनीय असतात, कारण अर्जदार ज्याच्या भीतीने आला त्याच्यापर्यंत बातमी जाऊ नये. म्हणजे त्या निरोपाच्या लेखकाने कागद पाहिलेला असण्याची शक्यता फार कमी, आणि पाहिला असलाच तर तो पसरवणे हा अपराधाइतकाच नीच उद्योग. असा दावा तपासायला निघण्यापूर्वी तो तपासायची गरज कोणाला आहे, हे स्वतःला विचारावे. मुलगा बेपत्ता असेल तर आईवडिलांना आहे. त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे तक्रार-दालन आणि त्या देशातला भारतीय दूतावास आहे. बाकी गावाला नाही.

देश सोडणारा प्रत्येक माणूस काटेकोरपणे मोजला गेला, असाही एक काळ होता. मालक मोजत होता म्हणून. १८३४पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख. त्यांतले मराठी बोलणारे मुंबई बंदरातून चढले आणि त्यांतले बरेच कोकण किनाऱ्यावरचे होते. बंदरावर उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरच्या खुणा नोंदल्या जात, पुढे छायाचित्रही. या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. आमचे पूर्वज सिंधुदुर्गातले, असे सांगणारी कुटुंबे मॉरिशसमध्ये आहेत, पण त्या वह्यांत सिंधुदुर्ग हा शब्द कोठेही सापडणार नाही. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. मालवणचा माणूस तिथे रत्नागिरीचा म्हणून आहे, आणि सावंतवाडीचा माणूस त्या काळच्या संस्थानाच्या नावाने, तेही इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. शोधणाऱ्याने आजचा नकाशा बाजूला ठेवून शोधायचे.

मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या दौऱ्यावर असताना राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी जाहीर केले की तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड मिळू शकेल. ते मागायचे तर पूर्वज भारतातून आला हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी जन्म-विवाहांच्या नोंदींतून मागे मागे जात त्या वहीतल्या एका क्रमांकापर्यंत पोचायचे. तिथून पुढे गाव सापडेलच असे नाही. आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक मॉरिशसहून परतले, त्यांच्या जाण्याचीही नोंद आहे. ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले. त्यांतले किती जण गिरणीत राहिले आणि किती जण पुढची बोट धरून मालवणला आले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. तेव्हा ते आपल्याच मुलखातल्या मुलखात जात होते.